विकलेल्या गाडीचे मालक

"गाडी विकायला मध्ये तिसरा माणूस कशाला लागतो? त्याला काय कळतात कागद!" असं पोचकाकांनी जाहीर केलं, तेव्हा काकूंनी हातातला डबा खाली ठेवला आणि डोळे मिटून घेतले. नवरा असं काही जाहीर करायला लागला की पुढे काय काय होतं, हे अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्यांना चांगलंच पाठ झालं होतं.

पोचकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या कचेरीत ते आवक-जावक विभागात होते. बाहेरून आलेला कागद म्हणजे आवक, इथून गेलेला कागद म्हणजे जावक, आणि दोन्हीची पोच! एकतीस वर्षं हेच काम. ते इतकं अंगात मुरलं की घरीही त्यांनी एक जाडजूड रजिस्टर ठेवलं होतं. इस्त्रीला कपडे गेले, जावक. परत आले, आवक. मेहुणा लग्नाची पत्रिका घेऊन आला तेव्हा काकांनी त्याला पत्रिका मिळाल्याची पोच लिहून दिली. मेहुणा समोर चहा पीत बसला होता!

या माणसाकडे आयुष्यात मिरवण्यासारखी एकच गोष्ट होती. एकतीस वर्षं गाडी चालवून त्यांच्या नावावर एकही दंड नव्हता, एकही नोटीस नव्हती. बाकी ना कधी बढती मिळाली, ना बक्षीस, ना कुणी हार घातला. पण ओळख झाली की तिसऱ्या वाक्याला काका म्हणायचेच, "एकतीस वर्षं! पाटी कोरी!" आता पंचेचाळीसच्या वर काटा जाऊ न देणाऱ्या माणसाला कोण कशाला नोटीस पाठवेल? मागून सायकलवाले घंटी वाजवून पुढे जायचे. गाडीच्या सीटांवर नऊ वर्षं प्लॅस्टिक होतं. काकूंना गाडीत बिस्कीट खायचं झालं तर गाडी थांबवून खाली उतरावं लागे.

काकूंचे गुडघे दुखायला लागले आणि त्यांना चढायला-उतरायला सोपी अशी नवी गाडी आली. मग जुनी विकायची ठरली.

काकांनी तयारी केली ती बघण्यासारखी होती. विम्याचे कागद, धुराचा दाखला, दुरुस्तीच्या पावत्या, सगळं तारखेवार लावलं. शिवाय गाडीतले दोष गिऱ्हाइकापासून लपवायचे नाहीत, असा कायदा! म्हणून त्यांनी दोषांची यादी केली. त्रेचाळीस दोष! 'क्रमांक सतरा : डावा वायपर उजव्यापेक्षा किंचित हळू परततो. क्रमांक तीस : मागच्या काचेतून पाहिले असता जग थोडे पिवळे दिसते.'

"अहो, हे वाचून कोण घेईल गाडी?" काकू म्हणाल्या.

"प्रामाणिक माणूस घेईल."

आली ती एक बाई. चाळिशीची, काटक, केस आखूड, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. गाडीला एक फेरी मारली, मागचं दार उघडून आत हात पसरून लांबी मोजली आणि म्हणाली, "पळते का?"

"क्रमांक एकपासून वाचून दाखवतो," काकांनी यादी उघडली.

"पळते का ते सांगा काका. माझी फिरतीची नोकरी आहे, सरकारी."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती तो खांद्याने कानाशी धरून "आलेच, आलेच, धरून ठेवा!" असं म्हणत काकांनी पुढे केलेल्या अकराच्या अकरा कागदांवर फटाफट सह्या करत सुटली, त्यातला मालकी बदलल्याच्या सूचनेचा फॉर्म काकांच्या हातात कोंबला, किल्ली उचलली आणि गेली. कोपऱ्यावर गाडी इतक्या जोरात वळली की काकांनी डोळ्यांवर हात घेतला.

"बघितलंस?" हात काढून ते म्हणाले. "अर्ध्या तासात व्यवहार! एक कागद इकडचा तिकडे नाही!"

आणि खरंच एक कागद इकडचा तिकडे गेला नव्हता. तिथेच तर सगळा घोटाळा होता, पण ते कळायला अजून अवकाश होता.

बाराव्या दिवशी पहिली नोटीस आली. साठच्या हद्दीत ताशी सत्त्याण्णव! सोबत फोटो. नंबर आपला, रंग आपला, पुढच्या बंपरवरचा ओरखडा (दोष क्रमांक नऊ) तोसुद्धा आपला.

काकांनी फोटो खिडकीच्या उजेडात नेऊन धरला. काकूंना वाटलं आता हे चिडणार. पण काका हळूच म्हणाले, "सत्त्याण्णव? आपली? अगं, ही तर पन्नासला कण्हायची."

"तुम्ही पन्नासला कधी नेलीत?"

काकांनी कोरा कागद पुढे ओढला. 'गाडी विकलेली आहे, संबंध नाही' असं खणखणीत उत्तर त्यांनी परिवहन कचेरीला पाठवलं, जावक नोंदवलं आणि विषय संपवला.

आठवड्याने दुसरी आली. एकशे आठ! या खेपेला फोटोत मागच्या खिडकीतून कुणीतरी डोकं बाहेर काढलं होतं. काकांनी भिंग आणलं.

"म्हातारा माणूस दिसतोय," काका म्हणाले. "दाढी आहे."

काकूंनी भिंग घेतलं. "शिंगंही आहेत."

"काय?"

"बोकड आहे अहो!"

नऊ वर्षं ज्या सीटवर बिस्किटाचा कण सांडला नाही, तिथे बोकड बसून वारा खात होता!

तिसऱ्या फोटोत गाडी एकेरी रस्त्यावर उलट्या बाजूने येत होती. चौथ्यात डिकी दोरीने बांधलेली आणि तिच्यातून चार पाय बाहेर, खूर वर. पाचव्यात गाडी नदीच्या पुलावर मधोमध सोडलेली, चारी दारं सताड उघडी, आत माणूस नाही. सहाव्यात एकशे एकवीस! काकांनी सहाही फोटो जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले. भीती तर वाटत होतीच. पण खरं सांगायचं तर त्यांच्या तोंडून "एकशे एकवीस!" हे ज्या सुरात निघालं, तो सूर भीतीचा नव्हता. एखाद्या मुखदुर्बळ भाच्याने भर सभेत भाषण ठोकावं आणि मामाने आ वासावा, तसं त्यांचं झालं होतं.

"ही गाडी आपल्या दारात उभी होती?" ते म्हणाले. "नऊ वर्षं?"

सहाव्या नोटिशीबरोबर सुनावणीचं पत्रही आलं. पुढच्या मंगळवारी अकरा वाजता हजर राहा, नाहीतर लायसन्स एक वर्षासाठी बंद आणि दप्तरात कायमची नोंद!

काका फाईल काखेत मारून परिवहन कचेरीच्या खिडकीवर धडकले.

"गाडी विकून चाळीस दिवस झाले!"

खिडकीतल्या बाईंनी संगणकात बघितलं. "आमच्याकडे नोंद नाही. विकणाऱ्याने चौदा दिवसांत मालकी बदलल्याची सूचना पाठवायची असते."

"पाठवली की!"

"आली नाही. आणि ती येईपर्यंत गाडी तुमची. तिने उद्या दरोडा घातला तरी पहिलं बोलावणं तुम्हालाच."

"बाई, एकतीस वर्षांत माझ्या हातून एक कागद जायचा राहिलेला नाही! घरी जाऊन रजिस्टर आणतो आणि दाखवतो!"

ते घरी आले. रजिस्टर काढलं. बोट फिरवत फिरवत त्या तारखेला आले आणि बोट तिथेच थांबलं.

काकूंनी खांद्यावरून वाकून वाचलं. 'आवक क्र. २१२. मालकी बदल सूचना, खरेदीदाराच्या सहीसह. प्राप्त. फाईलबंद.'

झालं होतं असं, की गाडी घेणाऱ्या बाईंनी सही करून फॉर्म काकांच्या हातात दिला. म्हणजे बाहेरच्या माणसाकडून कागद आला. आलेला कागद म्हणजे आवक! एकतीस वर्षांच्या सवयीने काकांनी त्याला क्रमांक दिला, भोक पाडलं आणि फाईलला लावला. पत्ता लिहिलेलं, तिकीट चिकटवलेलं पाकीटसुद्धा त्याच्याच मागे नीट टाचलेलं होतं!

काका मटकन खाली बसले. काकूंनी पाणी आणलं. चाळीस वेळा तरी टोमणा ओठांवर आला असेल, पण नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी तो गिळला. "होतं असं," एवढंच म्हणाल्या. काकांना त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

आता एकच उपाय होता. त्या बाईने सुनावणीला येऊन 'अमुक तारखेपासून गाडी माझ्याकडे' असं सांगायला हवं होतं. काकांनी फोन लावला. पलीकडून धापा टाकल्याचा आवाज आला.

"बाई, मी गाडीचा..."

"आत्ता नको! माझा हात आत आहे!" आणि फोन बंद.

"काय म्हणाली?" काकूंनी विचारलं.

"हात आत आहे म्हणाली."

"कशाच्या आत?"

दोघांनी विचार केला. काकूंच्या मते तिजोरीच्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. या वेळी काकूंनीही कान लावला होता. "दोघांना बाहेर काढलंय!" बाई ओरडत होती. "तिसरा अडकलाय! पाय बांधलेत, ओढतेय! नंतर करा!"

काकूंचा रंग उडाला. "अहो, ती माणसं पळवते! आधी जनावरं चोरत होती, आता माणसांवर आली! आणि गाडी तुमच्या नावावर!"

"सरकारी नोकरी म्हणाली होती."

"चोर काय सांगणार? चोर आहे म्हणून?"

काकांनी त्यानंतर तेवीस वेळा फोन लावला. एकदाही उचलला गेला नाही. शेवटी निरोप ठेवला, "मंगळवार, अकरा वाजता, परिवहन कचेरी, कृपा करा." आणि सोमवारी तर त्यांनी तुरुंगात न्यायच्या सामानाची यादीच केली. ती जावकमध्ये लिहावी की कुठे, यावर तासभर अडून बसले होते.

मंगळवारी सकाळी आठ वाजता दार धडाधडा वाजलं. काकूंनी उघडलं आणि अशी किंकाळी फोडली की समोरच्या घरातली माणसं खिडकीत आली. दारात ती बाई! अंगातला डगला रक्ताने माखलेला, एका हातात दोरखंड!

"कुठेत काका? चला, अकराला ना?" ती म्हणाली. "माफ करा हं, फोन घेता आला नाही. आठवडाभर श्वास घ्यायला सवड नव्हती. शेळ्यांचा हंगाम आहे ना! एकेकीला तीन तीन पिल्लं!"

काकू भिंतीला टेकल्या. "म्हणजे... तुम्ही..."

"मी गुरांची डॉक्टर. आमची जीप गेले तीन महिने दुरुस्तीला पडलीय, म्हणून तर ही घेतली."

"आणि तो हात आत..."

"गाईच्या! दुसरीकडे कुठे घालणार?"

काका इतके खुलले की त्यांनी डॉक्टरीणबाईंना चहा विचारला. त्यांनी तो उभ्या उभ्या प्यायला. ठरलं असं, की रक्त बघून धसकलेल्या काकूंनी फाईल घेऊन बसने पुढे जायचं आणि डॉक्टरीणबाई पुन्हा हातून सुटू नयेत म्हणून काका त्यांच्याबरोबर त्यांच्याच गाडीतून येणार. म्हणजे काकांच्या गाडीतून. म्हणजे कुणाची ते सुनावणीत ठरणार होतं!

काकांनी गाडीचं दार उघडलं आणि त्यांना ओळख पटेना. प्लॅस्टिक गायब. सीटवर गवत, खाली बादली, आरशाला गाईच्या गळ्यातली घंटा लटकवलेली, आणि सगळीकडे शेण-औषध-दूध असा एक मिश्र वास. काका बसले. गाडी सुटली! काकांनी दोन्ही हातांनी सीट धरली, डोळे मिटले आणि मनात दोष क्रमांक एकपासून म्हणायला लागले. अकराव्या दोषावर होते तेव्हा फोन वाजला.

"किती वेळ झाला? पाय दिसतात का? आले!" डॉक्टरीणबाईंनी गाडी गर्रकन वळवली. "काका, वाटेतच आहे. दहा मिनिटं."

"सुनावणी अकराला आहे हो!"

"गाईलाही सांगून बघते सुनावणी होईपर्यंत थांबायला."

गोठ्यात एक तांबडी गाय आडवी पडली होती. दोन माणसं हवालदिल होऊन उभी होती. डॉक्टरीणबाईंनी बाह्या सरसावल्या, गुडघे टेकले आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. डोळे मिटलेले, ओठ हलताहेत, जणू अंधाऱ्या खोलीत हरवलेली किल्ली चाचपडताहेत. "डोकं वळलंय," त्या म्हणाल्या. अकरा वाजले, बारा वाजले, दोन वाजले. काकांनी घड्याळाकडे बघायचं कधी सोडलं ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"आलं सरळ! काका, दोर धरा! मी सांगेन तेव्हा ओढा!"

एकतीस वर्षं कागदापेक्षा जड काही न उचललेले काका दोर धरून ओढायला लागले. पाय घसरत होते, चष्मा नाकावरून खाली आला होता, आणि एकदम सगळं सैल पडून ते गवतात उताणे झाले. त्यांच्या पोटावर एक ओलंचिंब, गरम वासरू येऊन पडलं. काका त्याच्याकडे बघतच राहिले. आजवर त्यांच्या हातात हजारो गोष्टी आल्या असतील, पण असं काही आलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत, कारण हात पुसण्यासारखे राहिले नव्हते.

पण वासरू नीट श्वास घेईना.

"दवाखान्यात न्यायला हवं, आत्ता!" डॉक्टरीणबाईंनी वासरू उचलून मागच्या सीटवर मांडीवर घेतलं, एका हाताने सलाइनची बाटली उंच धरली, दुसऱ्याने त्याची छाती चोळायला लागल्या. "काका, तुम्ही चालवा!"

"मी? इथे मर्यादा साठची आहे!"

"ते ह्याला सांगा!"

काकांनी आरशात बघितलं. वासराची जीभ बाहेर आली होती. त्यांनी गाडी सुरू केली. चाळीस. पंचेचाळीस. पंचेचाळीसला पाय सवयीने थांबला, आणि मग काकांनी तो दाबला.

आणि गाडी पळाली हो! न कण्हता, न कुरकुरता, जशी काही इतकी वर्षं कुणीतरी सांगायची वाट बघत होती. साठ, ऐंशी, शंभर! झाडं मागे पळत होती, घंटा वाजत होती, काका ओरडत होते. काय ओरडत होते ते त्यांना आजही आठवत नाही. वळणावर एक पांढरा उजेड चमकला. काकांना वाटलं, वीज चमकली असेल.

दवाखान्यात वासराच्या नाकाला नळी लागली, आणि पाच मिनिटांनी ते असं काही हंबरलं की काकांनी डॉक्टरीणबाईंना मिठी मारायचं तेवढं बाकी ठेवलं.

कचेरीत पोहोचले तेव्हा पावणेपाच वाजले होते. अकराची सुनावणी! पण काकूंनी किल्ला लढवला होता. "आधी फाईल वाचा, मगच निकाल द्या, नियमच आहे तसा," असं म्हणून त्यांनी साहेबांना पान एकपासून बसवलं होतं. फाईल काकांची! साहेब दोनशे चौथ्या पानावर होते, चष्मा कपाळावर आणि डोळे लाल.

काकांच्या कपड्यांकडे बघून काकूंनी दुसरी किंकाळी फोडली. "माझं रक्त नाही," काका म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी इतक्या ऐटीत म्हटलं की काकू तिसरी किंकाळी विसरल्या.

डॉक्टरीणबाईंनी सही केली, आपली कामाची वही दाखवली. साहेबांनी सहा नोटिसांच्या वेळा वहीशी ताडून पाहिल्या. प्रत्येक वेळी कुठे ना कुठे एखादी गाय नाहीतर शेळी अडलेली होती. "जीव वाचवण्याचं सरकारी काम," साहेब म्हणाले. "सहाही रद्द. मालकी आजपासून यांच्या नावावर." इतक्यात त्यांच्या संगणकाने टिंग केलं. "थांबा. सातवी आलीय. आज दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. ताशी एकशे चौदा."

त्यांनी पडदा वळवला. मागे बाटली धरलेला एक हात, आणि पुढे केस उभे, चष्मा तिरका, तोंड उघडं, असा एक माणूस!

"हा कोण?" साहेबांनी विचारलं.

काका ताठ उभे राहिले. "मी!"

काकू पडद्याजवळ गेल्या. फोटोकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे. "अहो, तुम्ही?" त्या म्हणाल्या. "एकशे चौदा?" लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. काका लाजले.

"गुन्हा कबूल आहे साहेब," ते म्हणाले. "घ्या माझ्या नावावर!"

"घेता येत नाही," साहेबांनी मान हलवली. "मागच्या सीटवर अत्यवस्थ रुग्ण, त्याच्या शेजारी डॉक्टर. हीसुद्धा रद्द."

"अहो, राहू द्या हो एक! एकतीस वर्षांत एकच आहे!"

"नियमात नाही. नोटीस रद्द झाली की फोटोही पुसायचा असतो." साहेबांनी एक कळ दाबली आणि पडदा काळा झाला. मग काकांच्या त्या प्रचंड फाईलबद्दल आदर वाटून म्हणा, किंवा ते लवकर घरी जावेत म्हणून म्हणा, त्यांनी एक दाखला टाइप केला, शिक्का मारला आणि उठून दोन्ही हातांनी दिला.

संध्याकाळी काकांनी शेजाऱ्यांना जमवून एकशे चौदाची हकिगत पहिल्यापासून सांगितली. काकूंनी शपथेवर साक्ष दिली. शेजारी पोट धरधरून हसले. "काकू, तुम्ही पण ना!" म्हणाले, आणि टेबलावरचा तो दाखला उचलून त्यांनी मोठ्यांदा वाचून दाखवला : 'सदर इसमाने आजतागायत वेगमर्यादा एकदाही ओलांडलेली नाही.'